पाचांतली एक

पत्राचा गोषवारा: नाशिकहून एका आईंचं पत्र आलं आहे. वय ४६, पतसंस्थेत नोकरी. पती कामानिमित्त परगावी असतात. मुलगी १७ वर्षांची, बारावी सायन्सला, सीईटीची तयारी चालू. गेलं वर्षभर ती रात्री संगणकावर 'व्हॅलोरंट' नावाचा बंदुकांचा ऑनलाइन खेळ खेळते. कानाला हेडफोन, पलीकडे अनोळखी मुलांचे आवाज. कधी अकरा वाजतात, कधी दीड. सहामाहीत फिजिक्सचे गुण घसरले. गेल्या महिन्यात आईंनी रागाच्या भरात राउटर बंद केला. मुलगी भांडली नाही. रडली, "आई, चौघं जण होते गं," एवढंच म्हणाली आणि दोन दिवस बोलली नाही. आई विचारतात: या मारामारीत तिला मिळतं तरी काय? परीक्षा होईपर्यंत सगळं बंदच करू का? अनोळखी मुलांशी बोलण्यात धोका नाही का? दीर म्हणतात हा खेळ सरकारनं बंदी घातलेल्यांपैकी आहे, ते खरं का? आणि पत्राच्या अगदी शेवटी एक ओळ: "दहावीपर्यंत ती खो-खो खेळायची, तालुक्याला जायची. क्लास सुरू झाले आणि सुटलं."

नमस्कार ताई,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना 'दीड वाजतो' यापाशी थांबले, दुसऱ्यांदा 'चौघं जण होते गं' यापाशी. तिसऱ्या वेळी शेवटच्या ओळीवर नजर गेली आणि वाटलं, उत्तराची सुरुवात खो-खोपासूनच करायला हवी.

पण आधी मी काय केलं ते सांगते. या खेळाबद्दल ऐकीव माहितीवर तुम्हाला उत्तर देणं मला पटेना. माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे आणि हाच खेळ खेळतो. मागच्या रविवारी दुपारी त्याच्या खुर्चीशेजारी स्टूल घेऊन दोन तास बसले. त्यानं एक कान मोकळा ठेवून मला समजावलं. जे समजलं ते तुम्हाला सांगते, कारण तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे.

पाच विरुद्ध पाच असा हा खेळ. एका बाजूनं 'स्पाइक' नावाचा स्फोटक ठरलेल्या जागी नेऊन लावायचा, दुसऱ्या बाजूनं तो लावू द्यायचा नाही, किंवा लावलाच तर निकामी करायचा. एका राउंडला शंभर सेकंद. स्पाइक लावायला चार सेकंद लागतात, लावल्यावर पंचेचाळीस सेकंदांत तो फुटतो आणि निकामी करायला सात सेकंद एका जागी थांबावं लागतं. बारा राउंड झाल्या की बाजू बदलतात. साधारणपणे जो संघ आधी तेरा राउंड जिंकेल त्याची मॅच.

आता यातली खरी गंमत बघा. समजा स्पाइक लागला आणि त्यानंतर लावणाऱ्या संघातले पाचही जण बाद झाले. तरी राउंड संपत नाही. समोरच्यांना तो निकामी करता आला नाही, तर बाद झालेला संघच जिंकतो. म्हणजे फक्त किती जणांना मारलं यावर निकाल ठरत नाही, काम झालं की नाही यावरही ठरतो. सगळ्यात जास्त जणांना टिपणारा खेळाडू हरलेल्या संघात असू शकतो आणि पूर्ण मॅचमध्ये मोजके नेम साधलेली मुलगी जिंकून देणारी ठरू शकते. बाहेरून आपल्याला फक्त बंदुका दिसतात. आत बसलेल्याला जागा, वेळ आणि माणसं दिसतात.

खेळात चार प्रकारच्या भूमिका असतात. कुणी पुढे घुसणारा, कुणी पुढची बातमी काढणारा, कुणी मागची बाजू राखणारा आणि कुणी धुराचे पडदे टाकून समोरच्यांची नजर अडवणारा. तुम्ही लिहिलं आहे की तुमची मुलगी सारखं "स्मोक टाकलाय, चला चला" म्हणत असते. म्हणजे ती बहुतेक ही शेवटची भूमिका खेळते. धूर टाकणारं एक पात्र आहे ओमेन, त्याचा पडदा पंधरा सेकंद टिकतो. तेवढ्या पंधरा सेकंदांत बाकीच्या चौघांनी पुढे सरकायचं. धूर चुकीच्या जागी पडला किंवा दोन सेकंद आधी पडला, तर पुढे गेलेला साथीदार उघड्यावर सापडतो. बरोबर पडला, तर त्याचं श्रेय कुठल्याच फलकावर ठळक दिसत नाही. फक्त त्या चौघांना ते माहीत असतं.

आता खो-खो आठवा. आठ जण पाटीवर बसलेले, एक जण धावतोय. धावणाऱ्याला पळणारा गडी हाताला लागत नाही असं दिसलं की तो योग्य क्षणी बसलेल्याच्या पाठीवर थाप मारून खो देतो. गडी बाद करतो दुसराच, टाळ्या त्याला मिळतात, पण खो कुणी आणि कधी दिला हे संघातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. ताई, तुमच्या मुलीनं दहावीपर्यंत हेच केलं. क्लास लागले, मैदान सुटलं, पण पाठीवर थाप देण्याची तिची गरज सुटली नाही. ती तिला रात्री अकरा वाजता, घरातल्या खुर्चीत बसून भागवता आली. माझं हे अनुमान आहे, तिच्याकडून खातरी करून घ्या. पण 'मुलगी मारामारीच्या नादी लागली' या गृहीतकापेक्षा ते मला सत्याच्या जास्त जवळचं वाटतं.

भाच्याकडे पाहिलेला एक प्रसंग सांगते. त्याच्या संघातले चौघे बाद झाले होते, एकटा तो उरला होता आणि समोर दोघे. स्पाइक लागलेला, त्याचा टिकटिक आवाज जलद होत चाललेला. एवढा वेळ हेडफोनमधून चार आवाजांचा गलका येत होता. मराठी, हिंदी, मधेच तेलुगू. तो क्षणात थांबला. बाद झालेल्या चौघांनी आपणहून तोंडं मिटली, कारण त्याला समोरच्याच्या पावलांचा आवाज ऐकू यायला हवा होता. एकाला त्यानं टिपलं. मग निकामी करायला बसला, साडेतीन सेकंद झाल्यावर उठला, कारण तिथवर केलेलं अर्धं काम जमेला राहतं. दुसऱ्याचा माग घेतला आणि तिथे तो बाद झाला. राउंड गेली. त्याच क्षणी चारही आवाज एकदम आले, "नाइस ट्राय, नाइस ट्राय." चिडका सूर एकाचाही नव्हता. माझा भाचा घरात दिवसभरात चार वाक्यं बोलतो. तो मान खाली घालून हसला. हरल्यावर हसलेला मी त्याला फार दिवसांनी पाहिला.

तुम्ही पतसंस्थेत आहात, म्हणून आणखी एक गोष्ट तुम्हाला लगेच कळेल. या खेळात प्रत्येक राउंडआधी शस्त्रं विकत घ्यावी लागतात, खेळातल्याच खोट्या पैशांतून. सुरुवातीला हातात ८००. चांगली बंदूक २९०० ची. राउंड जिंकलात तर ३०००, हरलात तर १९००, सलग हरत गेलात तर थोडे वाढवून. मग संघ ठरवतो की ही राउंड सगळ्यांनी हात आखडता घ्यायचा म्हणजे पुढच्या राउंडला पाचही जणांकडे पुरेसा पैसा असेल. याला ते 'इको' म्हणतात. एकानं मोह न आवरून एकट्यासाठी खर्च केला की सगळ्यांचा हिशोब कोलमडतो. ज्याच्याकडे शिल्लक जास्त तो दुसऱ्याला बंदूक घेऊन देतो. भिशीत एकानं हप्ता चुकवला की काय होतं ते तुम्ही पाहिलं असेलच. अनोळखी पाच जण शंभर सेकंदांच्या धामधुमीत हे पाळतात, याचं मला मनापासून कौतुक वाटलं.

हे वेड आजचं नाही, हेही लक्षात घ्या. एका बाजूनं बॉम्ब लावायचा आणि दुसरीनं निकामी करायचा, हा साचा 'काउंटर-स्ट्राइक' या खेळानं लोकप्रिय केला. १९९९ मध्ये मिन्ह ले आणि जेस क्लिफ या दोन तरुणांनी दुसऱ्या एका खेळात बदल करून तो बनवला होता. आपल्याकडे सायबर कॅफे होते त्या काळात तासाला पैसे मोजून मुलं तो खेळायची. तुमच्या ऑफिसात चाळिशीतला कुणी सहकारी असेल तर त्याला 'डस्ट टू' (त्या खेळातलं एक मैदान) एवढंच विचारून बघा, चेहरा सांगेल. व्हॅलोरंट रायट गेम्स या कंपनीनं जून २०२० मध्ये आणला, नेमका लोक घरात कोंडले गेले होते तेव्हा. तुमच्या मुलीच्या भूमिकेतलंच 'हार्बर' नावाचं एक पात्र भारतीय आहे आणि 'लोटस' नावाचा एक नकाशा, म्हणजे खेळातलं मैदान, पश्चिम घाटातला दाखवला आहे. तिला त्याबद्दल विचारा. बोलणं सुरू करायला एवढं पुरतं.

आता राउटरबद्दल. तुमच्या रागाची मला कल्पना आहे. दिवसभर नोकरी, घरात एकटीवर भार, समोर बारावीचं वर्ष. पण त्या रात्री तुमच्या हातून जे झालं ते टीव्ही बंद करण्यासारखं नव्हतं. ही मॅच मधे थांबवून ठेवता येत नाही. एक जण गेला की उरलेले चौघे पाचांविरुद्ध खेळत राहतात आणि बहुधा हरतात. निघून जाणाऱ्याला खेळाकडून शिक्षा होते, काही वेळ मॅच मिळत नाही, वारंवार झालं तर शिक्षा वाढते. पण मला वाटतं तुमची मुलगी शिक्षेसाठी रडली नाही. तालुक्याच्या सामन्यात तिला ऐन वेळी कुणी मैदानाबाहेर ओढून नेलं असतं, आणि बाकीच्यांना वाटलं असतं की ही पळाली, तर ती जशी रडली असती, तशी रडली. 'चौघं जण होते गं' म्हणताना ती स्वतःबद्दल बोलतच नव्हती. ज्या मुलीला आपण चौघांना तोंडघशी पाडलं याचं वाईट वाटतं, ती मुलगी बिघडलेली नाही, ताई. तेवढ्या एका गोष्टीसाठी तिला 'माझं चुकलं' म्हणा. बाकी कशासाठी नको, कारण तुमच्या बाकीच्या काळज्यांत तथ्य आहे.

सगळ्यात मोठी काळजी मला झोपेची वाटते, गुणांच्याही आधी. सतरा वर्षांच्या मुलीला आठ ते दहा तास झोप लागते. दीडला झोपून सहाला क्लासला उठणाऱ्या मुलीचं फिजिक्स खेळ नसता तरी घसरलं असतं. खेळाची रचनाही थांबू न देणारी आहे. आयर्नपासून रेडियंटपर्यंत नऊ पायऱ्यांची रँक आहे, जिंकलात की गुण वर, हरलात की खाली. हरल्यावर 'ही शेवटची' म्हणून आणखी एक लावायचा मोह अनावर होतो, आणि चिडून खेळलेली पुढची मॅच हमखास जाते. त्या अवस्थेला मुलं 'टिल्ट' म्हणतात. सलग दोन हरलो की उठायचं, हा नियम अनेक खेळाडू स्वतःवर घालून घेतात. तुमच्या मुलीला तो माहीत असणार. तुम्ही सांगण्यापेक्षा तिच्या तोंडून यायला हवा.

परीक्षेपर्यंत पूर्ण बंद करावं का? माझा कल 'नाही'कडे आहे. मैदान आधीच गेलं आहे. हेही गेलं तर त्या मुलीच्या दिवसात क्लास, कॉलेज आणि उजळणी याशिवाय काय उरतं? आणि बंद केलेला खेळ मैत्रिणीच्या घरी, मोबाइलवर, तुमच्या नकळत दुसऱ्या रूपात चालू राहतो. मात्र 'खेळू दे मनासारखं' हेही माझं म्हणणं नाही. मिनिटांऐवजी मॅचमध्ये मोजा. पूर्ण मॅच साधारण अर्धा-पाऊण तास चालते, चुरशीची झाली तर जास्त. 'स्विफ्टप्ले' नावाचा छोटा प्रकार आहे, पाच राउंड जिंकायच्या, पंधरा-वीस मिनिटांत आटोपतो. कॉलेजच्या दिवशी संध्याकाळी जेवणाआधी एक पूर्ण मॅच किंवा दोन छोट्या, आणि रात्री साडेनऊनंतर नवी मॅच सुरू करायची नाही. 'साडेदहाला बंद' असं म्हणू नका, कारण साडेदहाला ती मधे असेल आणि पुन्हा तेच भांडण होईल. सुरू करण्याची वेळ ठरवा, संपण्याची नाही. रविवारी थोडी सैल. पूर्वपरीक्षेचे पंधरा दिवस ती स्वतःच रँकची मॅच सोडेल का, ते तिलाच विचारा. मुलं आपणहून दिलेला शब्द जास्त पाळतात, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे. आणि बदल्यात तुमच्याकडूनही एक शब्द द्या: राउटरला हात लावणार नाही.

अनोळखी मुलांचा प्रश्न खरा आहे, पण तुम्ही धरलं आहे त्यापेक्षा वेगळ्या जागी. मुलीचा आवाज ऐकू आला की काही जण घाणेरडं बोलतात, 'जा, स्वयंपाक कर' असे टोमणे मारतात, हरलो की सगळा दोष तिच्यावर ढकलतात. म्हणून कितीतरी मुली खेळतात पण माइक उघडतच नाहीत. तुमची मुलगी उघडते, चौघांना हुकूम देते. यात धाडस आहे, ते आधी ओळखा. मग शांतपणे विचारा, "तुला कुणी त्रास देतं का?" आणि ती हो म्हणाली तर त्या क्षणी खेळ काढून घेऊ नका. आईला सांगितलं की खेळ जातो, हे मुलींनी एकदा गृहीत धरलं की त्या कधीच सांगत नाहीत. मग खरोखर काही गंभीर घडेल त्या दिवशीही गप्प राहतील. खेळात एकेका माणसाचा आवाज बंद करण्याची सोय आहे, तक्रार करण्याची आहे, फक्त ओळखीच्या टोळीशीच बोलण्याची आहे. तिला हे सगळं येत असेल, तरी एकदा तिच्याकडून बघून घ्या. घरात नियम एवढाच हवा: फोन नंबर, इन्स्टाग्राम, कॉलेजचं नाव, फोटो यातलं काहीही खेळातल्या ओळखीवर द्यायचं नाही, आणि कुणी आग्रह धरला तर तुम्हाला सांगायचं.

दिरांचं म्हणणं बरोबर नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा जो कायदा केला, त्यात बंदी आहे ती पैसे लावून खेळण्यावर. ई-स्पोर्ट्सना, म्हणजे अशा ऑनलाइन खेळांच्या स्पर्धांना, त्याच कायद्यानं मान्यता दिली आहे. व्हॅलोरंटमध्ये पैसे लावले जात नाहीत, तो फुकट खेळता येतो. मात्र बंदुकांची रंगीत रूपं, ज्यांना 'स्किन' म्हणतात, ती खऱ्या पैशांनी विकली जातात आणि बरीच महाग असतात. त्यांनी नेम सुधारत नाही, फक्त दिसायला छान. तुमचं कार्ड किंवा यूपीआय तिच्या खात्याला जोडलेलं आहे का ते बघा. वाढदिवसाला एखादी मागितली तर ड्रेस मागितल्यासारखंच समजा.

हिंसेबद्दल थोडक्यात. युरोपात या खेळाला १६ वर्षांवरच्यांसाठी असा शिक्का आहे, अमेरिकेत १३ वरच्यांसाठी. रक्त दिसणं सेटिंगमधून बंद करता येतं. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेनं २०२० मध्ये म्हटलं की असे खेळ आणि आरडाओरडा, ढकलाढकली अशी किरकोळ आक्रमकता यांत थोडा संबंध दिसतो, पण प्रत्यक्ष हिंसाचाराचं खापर खेळांवर फोडण्याइतका पुरावा नाही. घरात लहान भावंड असतं तर मी पडदा दुसरीकडे वळवायला सांगितलं असतं. तिच्या वयाला मला ही मुख्य चिंता वाटत नाही.

मग चिंता कधी करायची? हे तुमच्यासारख्या प्रत्येक आई-बापाला माहीत हवं. जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत खेळाच्या व्यसनाला जागा दिली आहे. त्यासाठी नुसते तास मोजत नाहीत. थांबायचं ठरवून थांबता न येणं, जेवणखाण, अभ्यास, माणसं या सगळ्यांपेक्षा खेळ वरचढ होणं, आणि नुकसान समोर दिसत असूनही तो चालूच राहणं, असं साधारण वर्षभर दिसलं तर तो आजार. तुमची मुलगी कॉलेजला जाते, तुमच्याबरोबर बाजारात येते, मैत्रिणीच्या ताईच्या लग्नात नाचली, असं तुम्हीच लिहिलं आहे. वरच्या वर्णनात ती मला बसताना दिसत नाही. पण ठरवलेली वेळ महिनाभर रोज मोडली, झोप चोरली जात राहिली, किंवा खेळ नसताना ती अगदी मलूल दिसायला लागली, तर समुपदेशकाकडे जाण्यात कमीपणा मानू नका. 'टेली-मानस'चा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. तिच्यासाठी गरज पडली नाही तरी तुमच्यासाठी लावा. एकटीनं घर सांभाळणाऱ्या बाईला कुणीतरी ऐकणारं लागतंच.

खो-खोचं मैदान अजून तिथेच असेल. परीक्षा झाल्यावर जुन्या सरांना एक फोन करा. खेळाला पर्याय म्हणून नव्हे, तिला आवडायचं म्हणून. दोन्ही चालू राहिलं तर उत्तमच.

आणि या आठवड्यात एक करा. स्वयंपाक झाला की दारात उभं राहून "अजून किती वेळ?" असं विचारू नका. "स्कोअर किती?" असं विचारा. अकरा-चार म्हणाली तर पानं घ्यायला हरकत नाही. अकरा-अकरा म्हणाली तर भाजी झाकून ठेवा आणि तिच्या मागे पलंगाच्या कडेवर पाच मिनिटं बसा.